मोतमावलीच्या वाटेवर सेंट रोक

मोतमावलीच्या, म्हणजे बांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला दरवर्षी आम्ही ट्रेननं जातो. यंदा आईचा नवस होता, ठाण्याहून बांद्र्याला चालत जायचं. शनिवारी रात्री अकराला तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चसमोर हात जोडले आणि निघालो. आई, मामा आणि मी.

मुलुंड चेकनाक्यापर्यंत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, खणखणीत, भांडुपला पुटपुटत. विक्रोळीला माझ्या टाचेला फोड आला आणि ती बंदच पडली. मामा म्हणाला, "सेंट रोकला सांग, तो चालणाऱ्यांचाच."

आमच्या घरी वेदीवर त्याची वीतभर मूर्ती आहे. हातात काठी, मांडी उघडी, पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा. लहानपणी मला वाटायचं, कुत्रा चावला म्हणून मांडी दाखवतोय! ती प्लेगची गाठ. हा चौदाव्या शतकातला, फ्रान्समधल्या माँपेलिएचा. होतं नव्हतं ते वाटून रोमच्या यात्रेला पायी निघाला. वाटेत प्लेगची गावं लागली, तिथे थांबून रोग्यांचं करत बसला. पिआचेंझाला त्यालाच गाठ आली तेव्हा रानात जाऊन पडला. एक कुत्रा रोज पाव आणून द्यायचा म्हणे. बरा होऊन घरी आला, तर कुणी ओळखलंच नाही. हेर समजून कोठडीत टाकलं आणि तिथेच गेला. एवढं चालून हे! १६ ऑगस्टला त्याचा सण.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत गाठीचा ताप पसरला. तो प्लेग आहे, हे ओळखलं डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, तो १८९७ चा जानेवारी. तोवर, आणि नंतरही, गावठाणांनी आपला उपाय केला: नाक्यावर खुरूस (क्रूस) बांधायचा, त्याच्यापुढे लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना, म्हणायची. बांद्र्यात असे खुरूस गल्लोगल्ली आहेत. घाईत जत्रेला जाणारे आम्ही कधी त्यांच्यापाशी थांबलोच नव्हतो.

या वेळी फोडानं थांबवलं. उजाडता उजाडता एका खुरसाच्या पायरीवर बसलो. ताजा झेंडूचा हार होता. आईनं पाव काढला, तर गल्लीतल्या कुत्र्यानं माझ्या हातातला अर्धा पळवला. मामा म्हणाला, "उलटं झालं."

वर डोंगरावर आईनं नवसाचं मेणाचं घर घेतलं. मी मेणाचा पाय मागितला. दुकानदारानं विचारलं, "डावा की उजवा?"