तुम्ही विचारलंत म्हणून : सगळ्यात जपलेली गोधडी

हातशिलाईच्या गोधड्या करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास येतो: इतक्या गोधड्यांमधली तुमची जिवापाड जपलेली कोणती? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा रंगीत ठिगळांची, भिंतीवर टांगण्याजोगी गोधडी असते. माझं उत्तर मात्र साधं आहे: एका सुती नऊवारी लुगड्याची, कुठेही न कापलेली, चार थरांची. तिच्यावर नक्षी नाही. तरी ती का, ते तिच्या मापात आणि टाक्यात आहे.

नऊ वार म्हणजे 8.23 मीटर. त्याच्या चार सारख्या घड्या घातल्या की प्रत्येक घडी जवळपास पावणेसात फुटांची होते. पन्हा साधारण 45 इंच. एका माणसाला पांघरायला एवढं पुरतं, तेही एकही जोड न देता. घड्या पंख्यासारख्या उलटसुलट घालाव्यात. मग लुगड्याची दोन्ही उघडी टोकं एकाच बाजूला येतात, एक वरच्या थराला आणि एक खालच्या. ती बोटभर आत दुमडली की काम झालं. शिवाय चारही थरांचे काठ दोन्ही लांब कडांवर एकावर एक बसतात. कुशीवर वळताना ताण याच कडांवर येतो आणि काठाची वीण लुगड्याच्या मधल्या कापडापेक्षा घट्ट असते. वेगळी पट्टी लावावी लागत नाही. तिथे सुई जड जाते, म्हणून बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, हवंच.

मुंबईसाठी चारच थर. इथे जानेवारीतल्या गार रात्रीही पारा 16-17 अंशांच्या आसपास असतो. घाटावरची सहा-आठ थरांची वाकळ इथे घामाने नकोशी होते आणि धुतली तर वाळत नाही. चार थरांची गोधडी पाऊण ते एक किलोची. बादलीत मावते, दोन हातांनी पिळता येते आणि गॅलरीतल्या दांडीवर उन्हाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाळते.

कापड निवडताना घाई नको. वापरून मऊ झालेलं सूतच घ्यायचं. लुगडं उजेडासमोर धरा. जिथे विरळ दिसेल तिथे दोन अंगठ्यांनी हलकेच ताणा. फाटलं तर ती घडी आतल्या थरात जाईल असं बसवा. इरकलीचा पदर रेशमी असतो, तो सुतासोबत झिजत नाही आणि जोडापाशी उसवतो, म्हणून तो काढावा लागतो आणि माप तोकडं पडतं. या कामाला साधं सुती लुगडंच बरं. नवं आणि जुनं कापड एकत्र कधीच नको: नवं सूत पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटून झालेलं असतं, मग गोधडीला फुगे येतात. सिंथेटिक साडी तर आत सरकत राहते आणि टाका ओढते.

घरात लुगडं नसेल तर साडेपाच मीटरच्या दोन सुती सहावारी घ्या. प्रत्येकीतून 2.05 मीटरचे दोन तुकडे निघतात आणि वर जवळपास दीड मीटर उरतं. ते फेकू नका, पुढे लागणार आहे.

आता मुख्य काम. फरशीवर चारही थर पसरून हाताने सुरकुत्या काढायच्या आणि मधून कडेकडे वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालायचे. हा टप्पा टाळणाऱ्यांची गोधडी हमखास बिघडते. कडेने सुरुवात करून चौकटीत आत येत गेलं की सगळा ढिलेपणा मध्ये साचतो आणि तिथे उशीएवढा फुगवटा उभा राहतो. तो नंतर बसत नाही. उसवणं एवढाच उपाय.

मग धावदोरा. ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर, टाका अर्ध्या सेंटिमीटरचा. एक सेंटिमीटरचा टाका भराभर होतो, पण पायाची बोटं आणि जोडवी त्यात अडकतात. हिशेब असा: सुमारे 57 ओळी, प्रत्येकी दोन मीटरच्या, म्हणजे 117 मीटर, गाठी आणि वरखाली जाण्याचं धरून 130, दोरा दुहेरी असेल तर 260. दोरा सुतीच हवा. नायलॉनचा मजबूत दोरा जुनं कापड चिरत जातो. रंगीत दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा, लाल रंग सर्वांत दगा देतो. सुईत एका वेळी दीड हातच दोरा घ्यावा, जास्त घेतला की कापडातून जाऊन जाऊन पिंजतो. दाभण वापरू नका, त्याने मोठी भोकं पडून विरलेलं सूत तुटतं.

मशीन का नाही, हेही लोक विचारतात. नव्या कापडाला ते ठीक आहे. जुन्या कापडावर मशीनची टीप एकमेकांलगत भोकं पाडत जाते आणि त्या रेषेवरच पुढे फाटतं. वरचा थर पुढे सरकतो तो वेगळाच. हाताच्या टाक्याला थोडी सैल असते. कापड ओढलं गेलं तर टाका सोबत जातो. या गोधडीचं सगळं मोल मला त्या सैलीत दिसतं. ती पिळता, झटकता, मुलांना अंगाखाली देता येते. जी वापरता येत नाही ती कितीही देखणी असली तरी मी तिला पहिलं स्थान देणार नाही.

ती विरते आधी गळ्यापाशी आणि घडीच्या रेघांवर. म्हणून दर वेळी घडी जागा बदलून घालावी. ठिगळ लावताना तितकंच जुनं कापड हवं; त्यासाठीच तो दीड मीटर ठेवायचा. नव्या जाड ठिगळाच्या कडेलाच जुनं कापड पुन्हा फाटतं. ठिगळ फाटलेल्या जागेच्या चार बोटं बाहेर जावं आणि जुन्याच ओळींवरून शिवावं.

पावसाळ्यात मुंबईची दमट हवा हा तिचा मोठा शत्रू. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली की काळे ठिपके पडतात आणि ते सहसा जात नाहीत. धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळून, भिंतीला न टेकवता ठेवा. पाऊस उघडला की ऑक्टोबरच्या उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा, आणि कपाटात ठेवण्याआधी पूर्ण गार होऊ द्या.