लायब्ररीत कोहा आणलं त्याची गोष्ट

कॉलेजात ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो असं सॉफ्टवेअर, आणायचं म्हटलं की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला, पैसे किती वाचतील? लायसन्सचे वाचतात, खरंय, पण त्यातले बरेचसे सर्व्हर, बॅकअप आणि ते सांभाळणाऱ्या माणसावर घालावे लागतात, आणि तिथे हात आखडला तर सगळं हळूहळू बंद पडतं. त्यामुळे मी पैशांचा मुद्दा पुढे करतच नाही.

माझा मुद्दा डेटाचा. आमच्या लायब्ररीचं जुनं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं होतं त्यांनी सपोर्ट बंद केला आणि पुस्तकांच्या नोंदी बाहेर काढायची सोयच त्यात नव्हती! आपल्याच लोकांनी वर्षानुवर्षं टाईप केलेल्या नोंदी आणि त्या आपल्याच हाती येईनात, फार राग आला होता तेव्हा. शेवटी रिपोर्टच्या ऑप्शनमधून जमेल तेवढं काढलं, एक्सेलमध्ये साफ केलं, मार्क फॉरमॅटमध्ये, म्हणजे लायब्ररीच्या नोंदींच्या ठरलेल्या साच्यात, आणलं आणि कोहात, म्हणजे लायब्ररी सांभाळायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये, चढवलं. एकाच लेखकाचं नाव चार तऱ्हेने लिहिलेलं, एकच ॲक्सेशन नंबर (प्रत्येक प्रतीचा वेगळा नोंदणी क्रमांक) दोन पुस्तकांना... इन्स्टॉल करायला दोन दिवस लागले, साफसफाईत अख्खी सुट्टी गेली.

कोहाचा जन्मही अशाच अडचणीतून झालाय. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या लायब्ररीची जुनी सिस्टिम २००० साल आलं की चालणार नव्हती, म्हणून त्यांनी १९९९ मध्ये नवी बनवून घेतली आणि सगळ्यांसाठी खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

मूडल, म्हणजे ऑनलाइन शिकवण्याचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, त्यामानाने सोपं गेलं. फक्त शिक्षक त्यात नुसत्या पीडीएफ टाकत बसतात, खरी मजा प्रश्नपेढीत आहे, एकदा नीट भरली की दरवर्षी वापरा आणि उद्या मूडल सोडलं तरी प्रश्न फाईलमध्ये काढून सोबत न्या.

लिब्रेऑफिस, म्हणजे एमएस ऑफिसच्या जागी वापरायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, मात्र जड गेलं. ऑफिसातल्या फॉर्मची टेबलं सरकायची, मॅक्रो (नेहमीची कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञा) चालायचे नाहीत, आणि ज्याला रोज पन्नास पत्रं काढायचीत त्याची चिडचिड मला पटते. म्हणून तिथे जबरदस्ती केली नाही, जुनी दोन मशीन तशीच ठेवली आणि नवीन फॉर्म तेवढे ओडीएफ या खुल्या फाईल फॉरमॅटमध्ये बनवले.

सुरुवातीला कोहाचं सगळं एकट्या माझ्याच डोक्यात होतं, ते धोक्याचं होतं. आता लायब्ररीतल्या दोघीजणी दर महिन्याला बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून, दहा-बारा पुस्तकं शोधून बघतात, मला न विचारता.