एका खोडावरची दोन नावं

गेल्या ऑगस्टात आमच्या गोरेगावच्या सोसायटीतल्या माळीकाकांनी मला बी विंगच्या मागच्या आंब्याखाली बोलावून घेतलं. म्हणाले, "ताई, तुम्ही बॉटनी केलीय ना? झाडाला बुरशी लागलीय बघा. चुना-गेरू मारून टाकू का?" खोडावर राखाडी-पांढरे गोल चट्टे होते, काही रुपयाएवढे, काही तळहाताएवढे. पावसात भिजल्यामुळे त्यांच्यावर हिरवट झाक आली होती. बी.एस्सी. होऊन मला एकवीस वर्षं झाली आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य हिशेबात गेलं, पण एवढं ओळखू आलं की हा रोग नाही, शैवाक आहे. मसाल्यातल्या दगडफुलाचा भाऊबंद. काकांना म्हटलं, चुना नको, हा सालीवर नुसता राहतो, झाडातून काही ओढून घेत नाही.

"मग नाव काय ह्याचं?"

ते मला सांगता आलं नाही. ते नाव मिळेपर्यंत फेब्रुवारी उजाडला.

सुरुवात फोटोंपासून केली. जाणकारांना फोटो पाठवले, तिघांनी तीन नावं सांगितली. त्यांचा दोष नाही. फोटोत दिसतो तो आकार आणि रंग, आणि शैवाकांमध्ये या दोन्हींवर फार विसंबता येत नाही. सालीला खपलीसारखे चिकटलेले, पानासारखे पसरलेले आणि झुडपासारखे लोंबणारे असे तीन प्रकार आम्ही कॉलेजात पाठ केले होते. ते म्हणजेच वर्गीकरण, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती फक्त ठेवण आहे, नातं नव्हे. एकाच कुळात खपलीवाले आणि पानवाले सुखानं नांदतात. रंगाचंही तसंच. कोरडा असताना राखाडी दिसणारा शैवाक भिजला की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शैवल हिरवं दिसू लागतं. माळीकाकांनी पाहिलेली झाक तीच.

नाव द्यायचं कुणाला, हाही प्रश्न सरळ नाही. शैवाक म्हणजे एक कवक, म्हणजे बुरशीच, आणि त्याच्या आश्रयाला राहून उन्हावर अन्न करणारं शैवल किंवा सायनोबॅक्टेरिया नावाचे हिरवट जीवाणू यांचा एकत्र संसार. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये ही गोष्ट मांडली तेव्हा त्या काळच्या मोठमोठ्या शैवाकतज्ज्ञांना ती अजिबात पटली नाही. २०१६ मध्ये तर काही शैवाकांच्या वरच्या थरात आणखी एका गटातलं, यीस्टच्या रूपातलं कवकही सापडलं. म्हणजे दोघांचाच संसार म्हणावं तर तिसराही घरात. तरीही नामकरणाचा आजचा नियम स्पष्ट आहे: शैवाकाला दिलेलं नाव त्यातल्या मुख्य कवकाचं असतं, शैवलाला त्याचं स्वतःचं वेगळं नाव. मी खोडाजवळ उभी राहून एका जोडीकडे बघत होते आणि शोधत होते त्यातल्या एकाचंच नाव. हे कळल्यावर ओळख पटवायची रीत इतकी आडवळणाची का, ते हळूहळू उमगलं. कवकांची नाती बीजाणूंत, फळांच्या रचनेत, आतल्या रसायनांत दिसतात. नुसत्या डोळ्यांनी दिसतं ते फार थोडं.

भारतातून शैवाकांच्या जवळपास ३,००० जाती नोंदल्या आहेत. त्यातल्या पानासारख्या आणि झुडपासारख्या जातींसाठी लखनौच्या डॉ. धरणीधर अवस्थी यांनी १९८८ मध्ये तयार केलेली की, म्हणजे ओळख पटवायची किल्ली, मला एकानं पाठवली. कीमध्ये प्रत्येक पायरीला दोन पर्याय असतात. एक निवडायचा, पुढच्या जोडीवर जायचं. पहिल्या काही पायऱ्या दहापट भिंगावर निभावल्या: पानासारखा, सालीला घट्ट चिकटलेला, वर पिठूळ पुंजके, मध्ये मोहरीहून लहान काळी फळं. पुढे मात्र वाक्य आलं की वरचा थर 'के' लावल्यावर पिवळा होतो की होत नाही. तिथे अडले.

'के' म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं दहा टक्के द्रावण. मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलच्या दुकानांतून फिरले. एका ठिकाणी संस्थेचं पत्र मागितलं, दुसऱ्या ठिकाणी किमान अर्धा किलो घ्या म्हणाले. शेवटी माझ्या जुन्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोन केला. त्या आता निवृत्तीला आल्या आहेत. त्यांनी ड्रॉपरच्या छोट्या बाटलीत द्रावण भरून दिलं आणि बजावलं, "कातडीला लावू नकोस, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि थेंब म्हणजे सुईच्या टोकावर मावेल एवढाच." 'पी' नावाच्या चाचणीचं रसायन विषारी असतं. ते घरी आणायचंच नाही, असंही सांगितलं.

हात बसावा म्हणून सराव कशावर करायचा? मॅडम म्हणाल्या, मसाल्याचा डबा उघड. सासूबाईंनी गोड्या मसाल्यासाठी आणलेलं दगडफूल होतंच. एकेक तुकडा घ्यायचा, ब्लेडनं वरचा थर हलकेच खरवडायचा, आतला पांढरा गाभा उघडा करायचा आणि तिथे सुईनं थेंब टेकवायचा. पहिल्या तुकड्याचा गाभा पिवळा झाला आणि नारिंगीवर थांबला. दुसरा पिवळा होऊन मिनिटाभरात रक्तासारखा लाल झाला. तो लाल रंग सॅलाझिनिक आम्लाचा. एकाच पुडीत निदान दोन जाती होत्या! सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे चाळीस वर्षं मी दोन-दोन मसाले घालतेय." त्यानंतर डब्यातला तुकडा अन् तुकडा आम्ही दोघींनी उजेडात धरून पाहिला. पानांच्या कडेला काळे केस असलेले वेगळे, रुंद पाळीचे वेगळे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मला वर्गीकरणाचा जो धडा मिळाला तो कॉलेजच्या तीन वर्षांत मिळाला नव्हता.

मग आंब्याकडे वळले. वाऱ्यानं पडलेल्या एका फांदीवर तोच शैवाक होता, त्यामुळे खोडावरून काही काढावं लागलं नाही. बहुतेक शैवाक वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, तळहाताएवढा चट्टा म्हणजे कित्येक पावसाळे. नखाएवढा तुकडा घेऊन थेंब टेकवला. स्वच्छ पिवळा. वहीत लिहिलं: के, पिवळा. दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी पुन्हा केला तर काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी पिवळा. चौथ्या दिवशी पुन्हा काही नाही. द्रावण शिळं झालं असेल म्हणून मॅडमकडून ताजं आणलं, तरी तेच. ऑक्टोबरचे दोन आठवडे यात गेले. कीच्या एकाच पायरीवर मी कधी डावीकडे जात होते, कधी उजवीकडे, आणि दोन्हीकडची वर्णनं अर्धी जुळत, अर्धी सुटत.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अतिनील टॉर्च मारून पाहिलास?"

३६५ नॅनोमीटरचा टॉर्च मागवला आणि एका रात्री साडेदहानंतर वॉचमनकाकांना सांगून त्या बाजूचा दिवा बंद करवला. टॉर्च खोडावर धरला आणि मी जागची हलले नाही. चट्ट्यांमधले अर्धे लिंबासारखे पिवळे उजळले होते. बाकीचे अर्धे तसेच मंद, काळोखे. दिवसा जो एकच मोठा राखाडी चट्टा दिसत होता त्याच्या मधून सरळ सीमा गेली होती. एका बाजूला पिवळा उजेड, दुसऱ्या बाजूला अंधार. एकमेकांना खेटून वाढलेल्या दोन वेगळ्या जाती होत्या त्या. माझ्या सुईचा थेंब कधी हिच्यावर पडत होता, कधी तिच्यावर. वॉचमनकाका टॉर्च हातात घेऊन कितीतरी वेळ झाडाभोवती फिरत राहिले.

पिवळा उजेड लायकेझॅन्थोन या रसायनाचा. ते असलेली जात 'के'ला दाद देत नाही. 'के'नं पिवळी होते ती दुसरी, तिच्या वरच्या थरात ॲट्रानोरिन असतं. पुढचं सोपं झालं. दोन्हींचे तुकडे भिजवून ब्लेडनं अलगद उचलले. उजळणाऱ्या जातीच्या पोटाला सालीत रोवलेले आखूड काळे तंतू होते. दुसरीचं पोटही काळं, पण तंतू नाहीत. दोन्ही सालीला इतक्या चिकटून बसतात की उचलल्याशिवाय हा फरक दिसणं शक्य नव्हतं.

डिसेंबरात मॅडमनी दोन शनिवार प्रयोगशाळेत बसू दिलं. काळ्या फळाचा उभा छेद हातानं, ब्लेडनं घ्यायचा असतो, कागदाहून पातळ. पहिला दिवस सगळा वाया गेला, एकही छेद उजेड आरपार जाईल असा निघाला नाही. दुसऱ्या शनिवारी दुपारी एक निघाला. पिशवीसारख्या धानीत आठ तपकिरी बीजाणू, प्रत्येक दोन कप्प्यांचा, जाड भिंतीचा, लांबी १५ ते २० मायक्रॉनच्या दरम्यान. ते पाहताना माझे डोळे भरून आले. पक्कं करायला मॅडमनी अर्क काढून पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी, म्हणजे अर्कातली रसायनं प्लेटवर वेगळी करायची रीत, तीही करून दाखवली. त्यासाठी टोल्यूइन, डायऑक्झेन आणि ॲसेटिक आम्ल १८०:४५:५ या प्रमाणात मिसळायचं, मग प्लेटवर सौम्य गंधकाम्ल फवारून ती तापवायची आणि उमटलेले डाग माहितीतल्या रसायनांच्या डागांशी ताडून बघायचे. डाग जुळले.

नावं मिळाली. उजळणारी पिक्सिनी कोकोएस. न उजळणारी डिरिनारिया ॲप्लनाटा.

पण नावाच्या मागे लागलेली माणसांची नावं वाचल्याशिवाय मला राहवेना. लिनियसनं १७५३ मध्ये माहीत असलेले जवळपास सगळे शैवाक 'लायकेन' या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, कोंबले होते. म्हणून १७८८ मध्ये वेस्ट इंडीजहून परतलेल्या ओलोफ स्वार्ट्झनं आपल्या या शैवाकाला 'लायकेन कोकोएस' म्हटलं, म्हणजे नारळाचा शैवाक. १८५७ मध्ये विल्यम नीलँडरनं तो पिक्सिनीत हलवला. त्यामुळे आज स्वार्ट्झचं नाव कंसात लिहितात आणि नीलँडरचं कंसाबाहेर. हाच नीलँडर १८६६ मध्ये 'के' आणि ब्लीचच्या चाचण्या घेऊन आला. शहरातल्या हवेवर शैवाकांचं असणं-नसणं अवलंबून असतं, हेही त्यानं त्याच वर्षी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतून लिहिलं. मी सुईवर थेंब घेत होते ती रीत त्याची, शैवाकाला नाव त्याचं, आणि मुंबईच्या धुरात हा शैवाक कसा टिकतो हा मला पडलेला प्रश्नही त्यानंच आधी विचारलेला. तोच नीलँडर, शैवाक म्हणजे कवक आणि शैवल यांची जोडी आहे हे १८९९ मध्ये मरेपर्यंत मान्य करायला तयार नव्हता. मला त्याच्याबद्दल माया वाटते.

दुसऱ्या नावात आपलं माणूस आहे. औषधी सालींवरचे शैवाक तपासणाऱ्या फे या फ्रेंच अभ्यासकानं आधी पार्मेलियात ठेवलेली ही जात १९७० मध्ये डिरिनारियात आणली ती अवस्थींनीच. ज्यांच्या कीनं मला वाट दाखवली त्यांचं नाव शेवटी त्याच खोडावर भेटलं. जुन्या पुस्तकांत या दोन्ही प्रजाती फिसिएसी कुळात सापडतात. डीएनएच्या अभ्यासानंतर त्या कॅलिसिएसीत गेल्या आहेत. नव्यानं शिकणाऱ्यानं जुन्या पुस्तकातलं कुळ पाहून गोंधळून जाऊ नये म्हणून हे मुद्दाम लिहिते.

जानेवारीत मी आठवडाभर गावी गेले असताना आवारातल्या बाकीच्या झाडांना छातीपर्यंत चुना-गेरू लागला. दोन अशोक आणि एका फणसावरचं सगळं त्याखाली गेलं. मला फार वाईट वाटलं, पण आंबा तेवढा राहिला होता. माळीकाका त्याच्यापुढे उभे राहिले होते, हे मला नंतर वॉचमनकाकांकडून कळलं.

फेब्रुवारीत मी काकांना दोन्ही नावं कागदावर लिहून दिली. त्यांनी ती चार वेळा मोठ्यानं म्हटली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मग मला कंपाउंडच्या भिंतीपलीकडून झुकलेल्या जांभळाच्या फांदीकडे घेऊन गेले. तिथे पांढुरक्या खपलीवर काळ्या रेघोट्या होत्या, मोडी लिपीतल्या ओळीसारख्या. नखानं खरवडलं तर खाली नारिंगी-पिवळी झाक, म्हणजे आतलं शैवल ट्रेंटेपोहलिया. ग्राफिस या रेघोट्यांच्या शैवाकाच्या कुळातलं काहीतरी. या कुळात पूर्वी बीजाणू रंगहीन की तपकिरी, त्यांचे पडदे आडवे की आडवे-उभे, एवढ्यावर चार प्रजाती पाडत. २००२ मध्ये बेटिना श्टायगर यांनी ती सगळी मांडणी मोडून नव्यानं केली. पश्चिम घाटातल्या शैवाकांवर पटवर्धन आणि माखिजा यांनी पुण्यात मोठं काम करून ठेवलं आहे, तिथल्या आघारकर संस्थेच्या संग्रहातले नमुने बघायला मिळतात का, ते मॅडम विचारणार आहेत.

सध्या कपाटात घडीच्या कागदाची तीन पाकिटं आहेत. पहिल्या दोनांवर शाईनं नाव, झाड: आंबा, खोडाची उंची, तारीख. तिसऱ्यावर झाड: जांभूळ, आणि नावाच्या जागी पेन्सिलनं 'ग्राफिस?'