सिंगलटनच्या संग्रहालयात ताटी विणण्याचा एक दिवस

इंग्लंडच्या दक्षिणेला, वेस्ट ससेक्स परगण्यात, सिंगलटन नावाचे छोटे गाव आहे आणि त्याच्या वेशीवर, खडूच्या दगडाच्या टेकड्यांच्या कुशीत, ‘वील्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्युझियम’ हे खुले संग्रहालय पसरलेले आहे. सुमारे ४० एकरांवर ५० हून अधिक जुनी घरे, गोठे, खळ्यांची कोठारे आणि एक पाणचक्की येथे आहेत. त्यांतील बहुतेक इमारती मूळ जागी पाडल्या जाणार होत्या. त्या तुळई-तुळईने सोडवून, प्रत्येक लाकडावर खूण करून येथे आणण्यात आल्या आणि पुन्हा उभारण्यात आल्या. रॉय आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने सुरू झालेले हे संग्रहालय १९७० साली लोकांसाठी खुले झाले.

मी येथे दोनदा गेलो. पहिल्या खेपेस, ऑक्टोबरात, सर्वसाधारण पर्यटकाप्रमाणे नकाशा हातात घेऊन एका दिवसात सगळी घरे ‘उरकली’ आणि परतीच्या गाडीत बसल्यावर कोणते घर कोणत्या शतकातले हे मला सांगता येईना. दुसऱ्या खेपेस, मार्चमध्ये, हेझल झाडाच्या फोकांची ताटी विणण्याच्या एकदिवसीय वर्गात नाव नोंदवले आणि दिवसभर एकाच जागी काम केले. हा वृत्तांत त्या दुसऱ्या खेपेचा आहे. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, त्यांनीही घरे मोजत फिरण्यापेक्षा एखादे काम हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून चिचेस्टरला रेल्वेने साधारण दीड-पावणेदोन तास लागतात. तेथून मिडहर्स्टकडे जाणारी बस सुमारे ११ किलोमीटरवरील सिंगलटनला सोडते. वर्ग सकाळी लवकर सुरू होत असल्यामुळे आदल्या रात्री चिचेस्टरमध्ये मुक्काम करणे शहाणपणाचे ठरते. मी तसे केले नाही, लंडनहून निघायला मलाच उशीर झाला आणि हत्यारे वापरताना घ्यायच्या काळजीविषयीची पहिली वीस मिनिटे चुकली, ती नंतर मला एकट्याला पुन्हा ऐकवावी लागली. रविवारी जाणार असाल, तर बसचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे.

ज्याला इंग्रजीत ‘हर्डल’ म्हणतात, ती आपल्याकडची ताटीच होय: उभ्या काठ्यांमधून आडवे फोक विणून केलेला, एका माणसाला उचलता येईल असा कूड. या टेकड्यांवरील मेंढपाळ अशा ताट्यांचे कुंपण करून मेंढ्या रात्री शेतात बसवत आणि दुसऱ्या दिवशी कुंपण पुढे सरकवत, म्हणजे लेंड्या आणि मूत्र यांचे खत सगळ्या शेताला सारखे मिळे. धनगरांचे कळप शेतात बसवणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच, की तेथे कुंपणही दररोज उचलून न्यायचे असे आणि म्हणून ताटी हलकी असणे हीच तिची खरी कसोटी होती.

कामाची सुरुवात विणण्याने होत नाही, फोक निवडण्याने होते. हेझलचे झाड हिवाळ्यात जमिनीलगत छाटतात. त्या खुंटातून सरळ फोकांचा झुबका फुटतो आणि सात-आठ वर्षांनी तो पुन्हा तोडता येतो. पाने फुटण्यापूर्वी तोडलेला, ओलसर फोकच या कामाला चालतो. वाळलेला फोक वाकवताच मोडतो. जमिनीवर किंचित बाक असलेला एक ओंडका ठेवलेला असतो, त्यात ओळीने दहा भोके असतात आणि त्या भोकांत उभ्या काठ्या रोवायच्या असतात. ओंडक्याला बाक कशासाठी, हे मला आधी उमगले नव्हते. ताटी बाक घेऊनच विणली जाते आणि पुढे वाळताना सरळ होते. त्या ओढीने वीण आणखी घट्ट बसते.

पहिले काही फोक अखंड घालतात. त्यानंतरचे फोक कोयत्याने उभे चिरायचे असतात आणि माझा अर्धा दिवस त्यातच गेला. कोयता शेंड्याकडून घालून हलकेच पिळला, की चीर पुढे धावते, पण ती मधूनच एका बाजूला सरकते आणि हातात एक जाड ढलपी आणि एक कागदासारखी चिपटी उरते. माझे पहिले पाच फोक असेच वाया गेले. शिकवणाऱ्या गृहस्थांनी काही न बोलता माझ्या हातातील फोक गुडघ्यावर टेकवला आणि त्याचा जाड भाग जरा अधिक वाकवला. चीर मुकाट्याने मध्यावर परत आली. चीर अधिक वाकलेल्या बाजूकडे वळते, हा नियम वाक्यात सोपा आहे, परंतु मनगटाला तो पटायला मला आणखी दहा फोक लागले.

दुसरी खुबी टोकाच्या काठीपाशी. तेथे फोक वळवून परत आणायचा असतो आणि नुसता वाकवला तर तो तुटतो. म्हणून वळणाच्या जागी त्याला आधी दोरासारखा पीळ द्यायचा. तंतू सुटे होताना बारीक करकर ऐकू येते, ओल्या लाकडाचा वास येतो आणि मग तोच फोक काठीभोवती निमूटपणे वळतो. ताटीच्या मध्यभागी वरच्या बाजूला एक मोकळी फट मुद्दाम ठेवतात. मी ती माझी चूक समजून बुजवायला निघालो होतो. मेंढपाळ अनेक ताट्या एकावर एक ठेवून या फटींतून काठी घालत आणि तो भारा पाठीवर वाहून नेत.

जेवणाच्या सुटीत ‘बेलीफ’ हे पंधराव्या शतकातील शेतकऱ्याचे घर पुन्हा पाहिले. केंटमधील एका धरणाच्या पाण्याखाली जाणार असल्याने ते येथे आणले गेले. धरणग्रस्त घरच म्हणायचे. ऑक्टोबरात मी त्याच्या भिंतीकडे पाहिलेही नव्हते. या वेळी ओकच्या चौकटीत भरलेला कूड आणि त्यावरचे माती, पेंढा व शेणाचे लिंपण डोळ्यांना आपोआप दिसू लागले. संग्रहालयाचे २००२ साली पूर्ण झालेले ‘ग्रिडशेल’ हे कार्यशाळेचे घरही ओले लाकूड वाकते याच गुणावर उभे आहे: ओकच्या ओल्या पट्ट्यांची जाळी आधी उंचावर सपाट मांडली आणि हळूहळू खाली सोडत तिला घुमटासारखा आकार दिला.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. वर्गाच्या शुल्कात प्रवेशाचे तिकीट येते की नाही, हे नोंदणी करताना वाचून घ्यावे. मी दोन महिने आधी नाव नोंदवले होते आणि त्याहून उशीर करू नये. हे वर्ग प्रौढांसाठी असतात. मुले बरोबर असतील तर शाळांच्या सुट्यांत कुटुंबांसाठी ठेवलेले उपक्रम पाहावेत. काम ऋतूप्रमाणे निवडावे: कुंपणाची झुडपे वाकवणे आणि फोक तोडणे हिवाळ्यात, गवतकापणी उन्हाळ्याच्या आरंभी. मार्चमध्ये चिखल असतो, म्हणून घोट्यापर्यंतचे, तळाला खाचा असलेले बूट घालावेत. हातमोजे न्यावेत, पण चिरण्याच्या वेळी निदान एक हात उघडा ठेवावा लागतो आणि त्याला फोड येतातच. डावखुऱ्यांनी आधी कळवावे, कारण काही कोयत्यांना एकाच बाजूने धार असते. पाणचक्की चालू असेल तर तेथील जात्यावर दळलेले पीठ विकत मिळते. एक पुडा पिशवीत सहज मावतो.

तयार ताटी मात्र पिशवीत मावत नाही. माझी जवळजवळ सहा फूट लांब झाली होती. ती बसमध्ये चढण्याचा प्रश्नच नव्हता, आणि साल असलेले ओले लाकूड विमानाने मायदेशी नेण्याचा विचार वनस्पती-तपासणीच्या नियमांमुळे करूच नये. परदेशातून येणाऱ्यांनी म्हणूनच लाकडी चमचा कोरण्यासारखा लहान वस्तूचा वर्ग निवडावा. माझी ताटी त्याच वर्गातील एका बाई आपल्या मोटारीच्या टपावर बांधून घेऊन गेल्या. त्यांच्या परसात वाटाण्याच्या वेलांना आडोसा हवा होता.