जुन्या किरणोपचारांची नोंद

2009 साली माझ्या जठरातील लिम्फोमावर (लसिका पेशींच्या कर्करोगावर) इंदूरमध्येच किरणोपचार झाले आणि तो आजार बरा झाला. पुढे कित्येक वर्षांनी माझा रक्तदाब एकाएकी चढू लागला, दोन गोळ्या घेऊनही तो आवरेना आणि लघवीतून प्रथिने जात असल्याचे आढळले. मला मधुमेह नव्हता, घराण्यात कोणाला मूत्रपिंडाचा विकारही नव्हता. सोनोग्राफीत डावे मूत्रपिंड उजव्यापेक्षा पुष्कळच आकसलेले दिसले, तेव्हा पोटावर कधी किरणोपचार घेतले होते का, असे मूत्रपिंडतज्ज्ञांनी विचारले. त्या प्रश्नाबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

जठर आणि डावे मूत्रपिंड एकमेकांच्या अगदी जवळ असतात. समोरून आणि पाठीमागून अशा दोनच दिशांनी किरण दिले, तर त्या मूत्रपिंडाचा वरचा भाग सहज त्यांच्या वाटेत येतो. मूत्रपिंडातील पेशींचे विभाजन फार संथ असल्यामुळे इजा लगेच उघड होत नाही; सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर हळूहळू खराब होते, गाळण्या बुजत जातात आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी रक्तदाब, प्रथिने, रक्तक्षय अशा रूपांत ते नुकसान समोर येते. इंग्लंडमधील मँचेस्टरचे डॉक्टर लक्स्टन यांनी 1953 मध्येच या विकाराचे सविस्तर वर्णन केले होते.

तरीही संशय म्हणजे निदान नव्हे. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली असती तरी असेच घडले असते, म्हणून धमनीतील रक्तप्रवाह पाहणारी डॉप्लर तपासणी झाली. ती समाधानकारक आली. प्रत्येक मूत्रपिंड किती काम करते हे दाखवणाऱ्या डीटीपीए स्कॅनमध्ये डाव्या बाजूचा वाटा अगदी अल्प निघाला. मग प्रश्न उरला किरणांच्या मात्रेचा, आणि माझी खरी धावपळ तिथून सुरू झाली. माझ्या डिस्चार्ज कार्डावर ‘किरणोपचार पूर्ण’ एवढेच दोन शब्द होते. रुग्णालयाच्या नोंदविभागात अर्ज दिला, जुना क्रमांक शोधला, पुन्हा पुन्हा जाऊन विचारत राहिले, आणि अखेर उपचारपत्रक व किरण कुठे द्यायचे त्या आखणीची फिल्म हाती आली. एकूण मात्रा 40 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) होती आणि फिल्मवर डाव्या मूत्रपिंडाचा मोठा भाग किरणांच्या चौकटीत स्पष्ट दिसत होता. दोन्ही मूत्रपिंडांवरील सरासरी मात्रा साधारण 18 ग्रेच्या आत ठेवावी असे मानले जाते, हे कळल्यावर एका मूत्रपिंडाच्या या अवस्थेचा उलगडा झाला. उपचार चुकीचे होते असे मला वाटत नाही; त्यांनी माझा जीव वाचवला. पण मात्रा, दिशा आणि तारखा लिहिलेला कागद प्रत्येक रुग्णाला घरी नेण्यासाठी मिळालाच पाहिजे, असे मात्र मी ठामपणे म्हणेन.

आकसलेले मूत्रपिंड रेनिन नावाचे द्रव्य स्रवून रक्तदाब वाढवू शकते, म्हणून डॉक्टरांनी औषध बदलून त्या परिणामाला रोखणारे टेल्मिसार्टन दिले आणि थोड्याच दिवसांनी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) व पोटॅशियम तपासून घेतले, कारण या गोळीने ती दोन्ही वाढू शकतात. गेलेले कार्य परत येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. आता रक्तदाब आटोक्यात आहे, प्रथिने कमी झाली आहेत आणि उजवे मूत्रपिंड चांगले काम करीत आहे. उपचारपत्रकाची प्रत पर्समध्ये असते. गुडघेदुखीसाठी लोकमान्यनगरातील डॉक्टरांकडे गेले तेव्हा ती पाहून त्यांनी मूत्रपिंडाला अपायकारक ठरू शकणारे आयबुप्रोफेन खोडून पॅरासिटामॉल लिहून दिले.