बिलेटेड, ओव्हरड्यू आणि एका ओळीत छापलेले शब्द

पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळणारं इंग्रजीचं कुठलंही गाईड उघडा, समानार्थी शब्दांचं प्रकरण त्यात असणारच. ‘बिलेटेड’समोर लेट, डिलेड, ओव्हरड्यू, टार्डी असे शब्द मधे स्वल्पविराम देऊन ओळीने छापलेले असतात. सदाशिव पेठेतल्या माझ्या क्लासला येणारी मुलं ती ओळ पाठ करून येतात. परीक्षेत पर्यायावर खूण करण्यापुरतं ते ठीक आहे. पण हीच मुलं उद्या अर्ज लिहिणार, ईमेल करणार, मुलाखतीला बसणार, आणि तिथे ही ओळ त्यांना तोंडघशी पाडते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मेहनतीत ही मुलं कुठेच कमी नसतात.

परभणीहून आलेल्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘सॉरी मॅडम, आय ॲम बिलेटेड टुडे.’ स्पेलिंग बरोबर, वाक्यरचना बरोबर, तरी असं कुणी म्हणत नाही. उशिरा आलेला माणूस लेट असतो. बिलेटेड असतात त्या शुभेच्छा, अभिनंदन, आभार, माफी. सतराव्या शतकात वाटेत रात्र पडलेल्या प्रवाशालाही बिलेटेड म्हणत, पण तो अर्थ आता वापरात राहिलेला नाही. आज हा शब्द बहुतेक वेळा नामाच्या आधीच दिसतो. वाढदिवस उलटून गेल्यावर व्हॉट्सॲपवर ‘बिलेटेड हॅपी बर्थडे’ पाठवतो तो वापर अगदी बरोबर आहे.

सगळ्यात जास्त घोळ बिलेटेड आणि ओव्हरड्यू या दोघांत होतो. मी तो आयकराच्या विवरणपत्रावरून समजावते, कारण वर्गातली बरीच मुलं दिवसा नोकरी करतात. नोकरदारांसाठी रिटर्न भरायची मुदत एरवी ३१ जुलै. समजा ती हुकली. १ ऑगस्टला तुमचं रिटर्न ओव्हरड्यू आहे, म्हणजे द्यायचं होतं आणि अजून दिलेलं नाही. मग सप्टेंबरमध्ये तुम्ही ते भरलंत. भरल्याक्षणी ओव्हरड्यूपण संपलं आणि ते झालं बिलेटेड रिटर्न. १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम १३९(४) खालच्या रिटर्नला सगळे करसल्लागार हेच नाव देतात. उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर त्याला ५,००० रुपये लेट फी, पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००. एकच कागद, पण येईपर्यंत ओव्हरड्यू आणि आल्यावर बिलेटेड. हे एकदा डोक्यात बसलं की मुलं पुन्हा चुकत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आणि लेट फीला लेट फीच म्हणायचं, तिथे बिलेटेड चालत नाही.

ओव्हरड्यूमध्ये ‘ड्यू’ आहे, देणं आहे. म्हणून तो हप्त्याला लागतो, भाड्याला लागतो, वाचनालयाचं पुस्तक परत करायचं राहिलं की त्यालाही लागतो. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून जास्त ओव्हरड्यू राहिला की बँक ते खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत टाकते. बाळंतपणाची तारीख उलटली तर डॉक्टरही हाच शब्द वापरतात. कुणाचं काही फेडायचं नसलं तरी ठरलेली तारीख असतेच ना!

डिलेडचं वेगळं. त्यात कशाने तरी अडवलेलं, लांबवलेलं असतं. पावसाळ्यात बोरघाटात दरड आली की मुंबईच्या गाड्या डिलेड होतात. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, त्यानंतर केली तर सरकारी भाषेत ती ‘डिलेड रजिस्ट्रेशन’. इथे मात्र अडवणारं कुणी असावंच असं नाही, कायद्याने तो शब्द घेतला आणि तो रुळला.

टार्डीवर मी फार वेळ घालवत नाही. अमेरिकन शाळांत उशिरा येणाऱ्या मुलासाठी तो रोजचा शब्द आहे. आपल्याकडे तो इंग्रजी वर्तमानपत्रांत भेटतो, रखडलेल्या कामाच्या बातमीत, ‘टार्डी प्रोग्रेस’ असा. ओळखता आला म्हणजे पुरे.

खरी काळजी साध्या लेटची घ्यावी लागते. एकाने स्टेशनवर धावत आलेल्या मित्राबद्दल ‘माय लेट फ्रेंड’ लिहिलं. अरे, तो तर जिवंत आहे! माणसाच्या नावाआधी किंवा नात्याआधी लेट लावला की तो कैलासवासी होतो. ‘माय फ्रेंड वॉज लेट’ म्हणा, काही बिघडत नाही. तसंच ‘मला उशीर झाला’ यावरून आपण सर्रास ‘आय गॉट लेट’ म्हणतो. पुण्यात ते सगळ्यांना समजतं, पण मुलाखतीत ‘आय वॉज लेट’ म्हणावं.

गेल्या आठवड्यात बीडच्या एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, आमच्या परीक्षेचा निकाल रखडलाय, त्याला काय म्हणायचं?’ सगळा वर्ग एकदम सावरून बसला, कारण अर्ध्याअधिक मुलांनी ती परीक्षा दिलेली होती. मी विचारलं, तारीख जाहीर झाली होती का? झाली होती, उलटून गेली. मग ओव्हरड्यू. कशामुळे अडला ते माहीत आहे का? कोर्टात याचिका आहे म्हणाला. मग डिलेडही चालेल. ‘आणि लागल्यावर बिलेटेड,’ मागून परभणीची ती मुलगी म्हणाली.