४७ डेसिबल म्हणे

एका शनिवारी रात्री अकरा वाजता आमच्या अंगणात दोन माणसं आवाज मोजायचा मीटर घेऊन उभी होती आणि मी मॅक्सीवर ओढणी टाकून त्यांच्या बाजूला, पायाला मच्छर चावतायत, आणि शापोरा नदीच्या पलीकडून म्युझिकचा तो धुप धुप धुप चाललेला. तक्रार मीच केलेली. त्यांनी मीटर वर धरला, थोडा वेळ थांबले, आणि एकजण म्हणाला, "बाई, ४७ दाखवतंय, ह्यात अर्धं तुमच्या रातकिड्यांचंच आहे."

रहिवासी भागाला रात्रीची मर्यादा ४५, दिवसाची ५५. सन २००० च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत तसं लिहिलंय आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. म्हणजे दोन डेसिबल जास्त, त्यातही रातकिडे. ते गेले. मी आत आले तर खिडकीची काच चौकटीत बारीक थरथरतेय, बोट लावलं की कळतं. आता ह्याला काय म्हणायचं?

मोबाईलवर ॲप होतंच, त्यात ३८ आलं. म्हणजे मोबाईलच्या मते आम्ही तर देवळात बसलोय.

मग आमच्या वाड्यावरच्या दादाला फोन केला. तो जत्रेतल्या नाटकांना साऊंड लावतो, त्याच्याकडे बऱ्यापैकी मीटर आहे. दादा पुढच्या शनिवारी आला, चहा प्याला, माझा मोबाईल बघून हसला. "हा माइक बोलण्यासाठी केलेला, खर्ज तो मुळात घेतच नाही. आणि त्या लोकांनी मीटर ए वर ठेवलेला की सी वर, ते बघितलंस गो?" मला ए आणि सी काय ते कुठे माहीत. तर मीटरवर एक बटण असतं.

हे ए-सी प्रकरण समजायला आधी डेसिबल. शाळेत शिकलो होतो पण डोक्यात शिरलं चवथीच्या आरतीवरून. एक घुमट, म्हणजे आमचं मातीचं तालवाद्य, वाजतंय आणि मीटर समजा ८० दाखवतोय. तसंच दुसरं घुमट सुरू झालं तर १६० नाही, ८३. दहा घुमटं झाली की ९०. आणि गंमत म्हणजे त्या दहा घुमटांचा आवाज कानाला एकाच्या साधारण दुप्पटच वाटतो, दहापट अजिबात नाही. कानाचं तंत्रच असं आहे, कारण त्याला ऐकू येण्याच्या उंबरठ्यापासून दुखण्यापर्यंत एकावर बारा शून्यं इतक्या पटीतली ऊर्जा सांभाळायची असते, सरळ मोजत बसला असता तर वेडा झाला असता.

पण कान सगळ्या सुरांना सारखा नाही वागवत. १९३३ मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी लोकांच्या कानाला रिसीव्हर लावून वेगवेगळे सूर हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या, सुराशी जुळवून घेतले, कुठला किती वाढवला की सारखा वाटतो ते. हजार हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा वाटतो तेवढाच वाटायला ५० हर्ट्झच्या सुराला सत्तरच्या वर जावं लागतं. उलट तीन-चार हजारच्या आसपास कान एकदम तिखट, कारण कानाची नळीच त्या सुराला घुमते. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंय पोंय हॉर्न बघा, केवढासा रबरी गोळा, पण सकाळी तीन घरं पलीकडून झोपमोड करतो. तो असा मधल्या-वरच्या सुरांत बोलतो म्हणूनच, असं माझं मत.

अशा सारख्या वाटणाऱ्या सुरांची रेषा काढता येते, आणि ए म्हणजे त्यातल्या ४० च्या रेषेवरून बेतलेली मीटरमधली चाळणी. ५० हर्ट्झला ती ३० डेसिबल वजा करते, १०० ला १९. सी जवळजवळ काहीच कापत नाही. मुळात ए हलक्या आवाजांसाठी होती आणि सी मोठ्या, पण नंतर सगळीकडे ए च चिकटली आणि आपल्या नियमातही तीच आहे.

दादाने माझ्या खाटेच्या उशाशी मीटर धरला. ए वर ४६. बटण दाबलं, सी वर ६९! मी दोनदा बघितलं. मध्येच गाणं बदलताना ते थांबलं तेव्हा ए ४४ वर उतरला, तो रातकिड्यांचा, आणि सी सरळ ५१. म्हणजे हिशेब केला तर कागदावर त्या म्युझिकचे जेमतेम ४२, मर्यादेच्या आत. ती माणसं खोटं बोलत नव्हती, रातकिड्यांचं तर खरंच होतं.

मी लगेच म्हटलं, बघ, ए फसवी आहे. दादा म्हणाला तसं नाही, इतक्या हळू आवाजाला ए कानाच्या बरीच जवळ आहे, तुला तो आवाज मोठा वाटतच नाहीये, तुला त्याचा त्रास होतोय, आणि त्रास मोजायला ह्यात बटण नाही. पटलं. नदीवरून आणि भिंतीतून येताना वरचे सूर गळून जातात, उरतो नुसता ठोका. रातकिडे कितीही ओरडले तरी त्याला झाकत नाहीत, कारण खर्ज वरच्या सुरांना झाकतो, वरचे सूर खर्जाला फारसे नाही. आणि खालच्या सुरांत कानाची मोजपट्टी आखूड असते, त्यांनी चार-पाच डेसिबल वाढवले की मला ते भलतेच वाढल्यासारखे वाटतात. जुन्या टेपरेकॉर्डरवर लाऊडनेस नावाचं बटण असायचं ना, ते ह्याचसाठी, आवाज बारीक केला की खर्ज आधी गायब होतो म्हणून तो वाढवून द्यायचं.

मग दादा मीटर घेऊन खोलीच्या मध्यभागी गेला आणि सी एकदम ६० वर. परत भिंतीला, ६९. मला वाटलं मीटर बिघडला. तर आमची खोली दहा फुटी, तीन मीटर, आणि ५७ हर्ट्झची लाट साधारण सहा मीटर लांब, म्हणजे अर्धी लाट भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोब्बर बसते. भिंतीशी दाब सगळ्यात जास्त, मध्ये जवळजवळ काही नाही. आणि त्यांचा ठोका नेमका त्या ५७ च्या आसपासच. माझी उशी गेली सहा वर्षं भिंतीला टेकलेली आहे.

आता खाट खोलीच्या मधोमध आहे. डोकं बरोबर पंख्याखाली. आई केर काढताना रोज तिला ठेचकाळते आणि विचारते, "हे असं किती दिवस?" मी म्हटलं, सीझन संपेपर्यंत.